दहा टक्के कापले म्हणजे टॅक्स भरला असं नाही

लोअर परळच्या किंवा अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात मुलाखत छान होते आणि शेवटी एचआरकडून कळतं, "तुम्हाला कन्सल्टंट म्हणून घेऊ. पैसे तेवढेच, उलट हातात जास्त येतील, पीएफ कापला जाणार नाही." वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. पगारातून जे कापलं जात होतं ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसत होतं. मालक त्याच्या वर जे भरत होता त्याकडे आपण कधी नीट पाहिलेलं नसतं. मालकाच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, गटविमा, लॅपटॉप, शिवाय कर वेळेवर भरण्याची कटकट, हे सगळं आता तुमच्याकडे येतं. त्यात भर म्हणजे स्वतःचे पैसे स्वतः वसूल करायचे.

खाली दिलेले कराचे दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत आणि कलमांचे आकडे १९६१च्या आयकर कायद्यातले, कारण सीए आणि अकाउंट्सवाल्यांच्या तोंडी तेच बसले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५चा नवा कायदा घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात.

कागदावर कन्सल्टंट, खुर्चीवर नोकर

तुम्ही नोकर की स्वतंत्र व्यावसायिक हे करारावरच्या शीर्षकावरून ठरत नाही. काम कसं चालतं ते पाहिलं जातं. वेळ कोण ठरवतो? काम कसं करायचं हे कोण सांगतो? साधनं कोणाची? तुमच्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं का? दुसरीकडे काम करायला मुभा आहे का? नफा-तोट्याची जोखीम कोणाची? यातला एकच प्रश्न निर्णायक नसतो, सगळे मिळून चित्र पाहतात.

'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस'चा सर्वोच्च न्यायालयातला १९७३चा निकाल आजही यासाठी वाचण्यासारखा आहे. आंध्र प्रदेशातल्या त्या दुकानातले शिंपी नगावर पैसे घ्यायचे आणि हजेरीची सक्ती नव्हती. तरीही शिलाई मशीन दुकानाची होती, आणि काम पसंत नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार मालकाकडे होता. न्यायालयाने त्यांना नोकर मानलं. उलट बाजूला पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने करारातल्या अटी एकत्र पाहून कन्सल्टंट डॉक्टरांना मिळणारी रक्कम पगार नसून व्यावसायिक फी आहे असं ठरवलं.

आता स्वतःचं काम या मापाने मोजा. सकाळी दहा ते सात बायोमेट्रिक हजेरी, कंपनीचा ई-मेल, कंपनीचा लॅपटॉप, रजेला मॅनेजरची मंजुरी, दुसरं काम घ्यायला बंदी आणि दर महिन्याला ठरलेली तीच रक्कम असेल, तर ही नोकरीच आहे. फक्त तिच्यातले हक्क काढून घेतलेले आहेत. ग्रॅच्युइटी नाही, २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा नाही, उद्यापासून येऊ नका म्हटलं तर नोटिशीचा पगार नाही. नाही म्हणायची सोय नसेल तर निदान तीन गोष्टी करारात घालून घ्या: दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची लेखी सूचना, दुसऱ्या ग्राहकांचं काम करायची मोकळीक, आणि वर्षाला ठरावीक दिवस गैरहजर राहिलात तरी रिटेनर, म्हणजे दर महिन्याची ठरलेली फी, न कापण्याची अट.

टीडीएस हा कराचा अंदाज आहे, कर नव्हे

कंपनी व्यावसायिक फीवर कलम १९४-जेखाली १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आधीच सरकारकडे भरायचा कर, कापते. तांत्रिक सेवा असेल तर २ टक्के. कामाचं स्वरूप कंत्राटाचं धरलं तर कलम १९४-सी लागतं आणि व्यक्तीला १ टक्का कापला जातो. एकाच प्रकारच्या कामाला एक क्लायंट १० कापतो, दुसरा २, तिसरा १, असं मुंबईत सर्रास दिसतं, कारण प्रत्येकाच्या अकाउंट्सने कलम आपापल्या परीने लावलेलं असतं. १९४-जेमध्ये एका क्लायंटकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपर्यंत फी असेल तर काहीच कापत नाहीत. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के.

यातलं काही कापलं गेलं किंवा नाही, तुमचा अंतिम कर त्याने बदलत नाही. १ टक्का कापणारा क्लायंट दिलदार वाटतो, पण उरलेला कर मार्चमध्ये तुमच्याच खिशातून जातो.

नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के, आणि त्या करावर ४ टक्के सेस, म्हणजे उपकर. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. नोकरदाराला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट फीवर मिळत नाही. तिच्याऐवजी तुम्हाला खर्च वजा करता येतो, आणि इथेच कलम ४४-एडीए येतं.

या कलमात ठरावीक व्यवसायांना एकूण फीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवून मोकळं होता येतं. खर्चाची पावती कोणी मागत नाही. मर्यादा ५० लाखांची, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. एक सॉफ्टवेअर डेव्हलपर धरा, वर्षाची फी ३० लाख. नफा १५ लाख धरला जातो. त्यावर कर १,०५,०००, सेस धरून १,०९,२००. १० टक्क्यांनी टीडीएस कापला गेला ३,००,०००. म्हणजे १,९०,८०० रुपये परत मिळायला हवेत. फी १४ लाख असती तर नफा ७ लाख, कर शून्य, आणि कापलेले १,४०,००० पूर्ण परत. रिटर्न न भरणारे हे पैसे सरकारकडेच सोडून देतात. दरवर्षी असंच अडकत असेल तर कमी दराने कपात करण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच घेता येतं.

पण 'ठरावीक व्यवसाय' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी अशी ती यादी आहे, आणि चित्रपट कलाकारही तिच्यात आहेत. मुंबईकरांसाठी ही शेवटची नोंद कामाची, कारण कलाकार म्हणजे केवळ नट नव्हे. चित्रपटाच्या निर्मितीतले कॅमेरामन, दिग्दर्शक, सहाय्यक दिग्दर्शक, संगीत, कला आणि नृत्य दिग्दर्शक, संकलक, गायक, गीतकार, कथा, पटकथा आणि संवाद लेखक, वेशभूषाकार हे सगळे त्यात येतात. ध्वनिमुद्रकाचं नाव त्यात नाही. जाहिरातीचा कॉपीरायटर किंवा सोशल मीडिया सांभाळणाराही थेट नावाने कुठे नाही. अशांनी सीएशी बोलून ४४-एडी, म्हणजे धंद्यासाठीचं कलम, बसतं का ते पाहावं किंवा खरा खर्च मांडावा. ४४-एडी एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं तर पुढची पाच वर्षं ते वापरता येत नाही. ही अट ४४-एडीएला नाही, तरी पुष्कळ जण तीच भीती तिथेही धरून बसतात.

खरा खर्च मांडणाऱ्याचं चित्र उलटं होतं. फी तीच ३० लाख, खर्च ४ लाख, नफा २६ लाख. कर ३,६०,०००, सेससह ३,७४,४००. टीडीएस ३,००,०००. उरलेले ७४,४०० रुपये आगाऊ कराचे आहेत. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण भरावा लागतो. चुकलात तर महिन्याला १ टक्का व्याज. ४४-एडी किंवा ४४-एडीए घेणाऱ्यांना सगळा एकदम १५ मार्चपर्यंत भरला तरी चालतो. परदेशी क्लायंट काहीच कापत नाही, त्यामुळे त्याच्या पैशांवरचा सगळा कर याच मार्गाने जातो.

कापलेला टीडीएस सरकारात पोचला का, हे आयकराच्या पोर्टलवर २६-एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, पाहायचं. एप्रिल ते जूनची कपात तिथे दिसायला ऑगस्ट उजाडतो, कारण त्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं. ऑगस्टमध्येही दिसली नाही तर दोनच शक्यता जास्त: क्लायंटने पॅन चुकवला, किंवा कापून ठेवले आणि भरलेच नाहीत. तेव्हाच फॉर्म १६-ए, म्हणजे कपातीचं प्रमाणपत्र, मागा. पुढच्या वर्षी, रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात, कोणी फोन उचलत नाही.

जीएसटी आणि विसरलेला प्रोफेशनल टॅक्स

सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. हा आकडा नफ्याचा नाही, सगळ्या बिलांच्या बेरजेचा आहे, आणि त्यात परदेशी क्लायंटची बिलंही धरतात, जरी निर्यातीवर कर शून्य असला तरी. निर्यातदाराने दर आर्थिक वर्षाला एलयूटी नावाचं हमीपत्र भरावं, म्हणजे कर न भरता बिल करता येतं. वरचा डेव्हलपर ४४-एडीएमुळे आयकरात सुटला तरी जीएसटीतून सुटत नाही, हे विसरू नका.

राहत्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर नोंदणी करायची तर भाडेकरार आणि जागा मालकाची असल्याचा पुरावा, जसं वीजबिल, लागतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला यासाठी मालकाचं सहकार्य मिळवणं हाच सगळ्यात अवघड टप्पा असतो, म्हणून उलाढाल १५ लाखांवर गेली की मालकाशी बोलायला लागा.

खरा मार बसतो दोन ठिकाणी. पहिलं, दर ठरवताना "जीएसटी वेगळा" हे न बोलणं. एक लाख 'सगळं धरून' ठरले तर १८ टक्के जीएसटीच्या हिशेबाने त्यातले १५,२५४ रुपये कराचे आणि तुमची फी ८४,७४६. दुसरं, बिल केलं की कराची जबाबदारी सुरू होते, क्लायंटने पैसे ९० दिवसांनी दिले तरी. तोवर १८ टक्के तुमच्या खिशातून. सलग चालणाऱ्या कामात करारात पैसे देण्याची तारीख लिहिलेली असेल तर बिल त्या तारखेपर्यंत करता येतं, म्हणून ती तारीख लिहून घेणं फायद्याचं. बिलात फी आणि जीएसटी वेगळे दाखवा, म्हणजे टीडीएस फक्त फीवर कापला जातो: फी १,००,०००, जीएसटी १८,०००, टीडीएस १०,०००, खात्यात जमा १,०८,०००. यातले १८,००० तुमचे नाहीत. ते दुसऱ्या खात्यात टाकायची सवय लावली नाही तर गणपतीच्या खरेदीत जातात आणि जीएसटी भरायच्या वीस तारखेला शोधाशोध होते.

प्रोफेशनल टॅक्स नोकरीत महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा गुपचूप कापला जायचा. नोकरी सुटली की तो थांबतो, जबाबदारी थांबत नाही. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाने स्वतः नोंदणी करून, जिला पीटीईसी म्हणतात, वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. आधीपासून नोंदणी असेल तर मुदत ३० जूनची. पुढे कधीतरी नोटीस आल्यावर मागच्या वर्षांचा कर व्याजासकट भरण्यापेक्षा महाजीएसटीच्या संकेतस्थळावर एकदा बसून उरकलेलं बरं.

रेट कसा काढायचा

मासिक पगार भागिले तीस, हा एचआरचा आवडता हिशेब. वर्षाला ९ लाखांच्या पॅकेजवाल्याला त्यातून दिवसाचे २,५०० मिळतात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण त्यात वर्षाचे ३६५ दिवस बिल करता येतील असं गृहीत धरलंय.

३६५मधून शनिवार-रविवारचे १०४ दिवस काढा, राहिले २६१. सणवार आणि सरकारी सुट्ट्या १२, रजा, आजारपण आणि पावसात लोकल बंद पडण्याचे दिवस मिळून २४. उरले २२५. यातले सगळे विकले जात नाहीत. नवं काम शोधणं, कोटेशन देणं, मीटिंगा, बिलं, पैशांचा पाठपुरावा यात दहातले चार दिवस जातात. पहिल्या वर्षी तर अर्धे जातात. साठ टक्के धरले तर बिल होणारे दिवस १३५. आता ९ लाखांत भर घाला: आरोग्यविमा, लॅपटॉप आणि दुरुस्तीची तरतूद, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, सीएची फी, प्रवास, कामाच्या जागेचं भाडं, स्वतःची पीएफसारखी बचत. साधारण १.८ लाख धरा. १०.८ लाख भागिले १३५, म्हणजे दिवसाला ८,०००. अडीच हजार आणि आठ हजार, इतकी तफावत.

आठ हजार ऐकून क्लायंट दचकेल. त्याला दिवसाचा रेट सांगूच नका, कामाची किंमत सांगा. रेट तुमच्या वहीत राहू दे. सहा दिवसांचं काम असेल तर सहा गुणिले आठ हजार, त्यावर २५ टक्के गोंधळाचे, म्हणजे ६०,०००. क्लायंटने घासाघीस केली तर रेट उतरवू नका, काम कमी करा: तीन पर्यायांऐवजी दोन, किंवा छपाईच्या फाइल वगळून. नुसता दर कमी केला की पुढच्या वर्षी बोलणी तिथूनच सुरू होतात.

मुंबईत प्रत्यक्ष मीटिंगची किंमत लावलीच पाहिजे. कल्याणहून बीकेसीला तासाभराच्या चर्चेसाठी जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला. महिन्याला एक मीटिंग फीमध्ये, पुढची प्रत्येक अर्ध्या दिवसाच्या दराने, असं आधी लिहिलं की "जरा येऊन जा ना" कमी होतं. रिटेनर घेतलात तर त्यात महिन्याचे तास लिहा. नाहीतर रिटेनर म्हणजे रात्री अकराच्या व्हॉट्सअॅपलाही हो म्हणणं होऊन बसतं.

क्लायंट काय धरून चालतो, आणि काय लिहून घ्यायचं

बहुतेक भांडणं पैशांवरून वाटतात, पण मुळात 'काम झालं' म्हणजे काय यावरून असतात. काय द्यायचं, कोणत्या स्वरूपात, किती वेळा बदल, आणि मंजुरी कोणाची. मंजुरी देणारी एकच व्यक्ती नावानिशी ठरवा. ब्रँड मॅनेजर खूश, मग मार्केटिंग हेड, मग मालकांच्या सूनबाई, असे तीन थर निघाले की दोनाचे नऊ बदल होतात. दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून पैसे, आणि सात दिवसांत उत्तर न आल्यास मंजूर समजलं जाईल, एवढं लिहिलं की पुरे. काम मध्येच बंद झालं तर झालेल्या टप्प्याचे पैसे द्यायचे हेही त्यातच.

हक्कांकडे दुर्लक्ष होतं. स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या मजकुराचा किंवा कोडचा कॉपीराइट सहसा त्याचाच असतो, लेखी करार करून दिला तरच तो क्लायंटकडे जातो. मात्र मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा क्लायंट असतो, वेगळं ठरलं नसेल तर. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. "पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील" ही एक ओळ वसुलीत वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त चालते.

मोठ्या कंपनीत व्हेंडर (पुरवठादार) म्हणून नोंदणी आणि पीओ, म्हणजे कामाची लेखी पर्चेस ऑर्डर, हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी क्रमांक किंवा तो नसल्याचं पत्र, आणि उद्यम प्रमाणपत्र मागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग (एमएसएमई) म्हणून नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची आहेत. ती काम घेण्याआधी करून ठेवा, कारण एमएसएमई कायद्याचं संरक्षण त्यावर उभं आहे. लेखी करार असेल तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५च चालतात. दिवस मोजायचे ते काम स्वीकारल्यापासून, आणि क्लायंटने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम दिल्याच्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. म्हणून काम देताना ई-मेल हवाच, फोनवर "पाठवलंय हं" पुरत नाही.

उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के. लाखाच्या बिलाला सहा महिन्यांत साधारण साडेआठ हजार. त्याहून जास्त उपयोगी पडतं ते आयकराचं कलम ४३-बी(एच): सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या अकाउंट्सला उद्यम क्रमांक, बिलाची तारीख आणि या कलमाचा उल्लेख असलेला नम्र ई-मेल पाठवा. महिनोन् महिने न हललेली फाइल कधी कधी त्या आठवड्यात हलते.

तरीही पैसे आले नाहीत तर सरकारच्या पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. तिथे पीओ, बिल, काम दिल्याचा ई-मेल आणि उद्यम प्रमाणपत्र लागतं. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी क्लायंटने "इतके देणं बाकी आहे" असं लेखी कबूल केलं तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. त्यामुळे टोलवाटोलवी करणाऱ्या क्लायंटला दर मार्चअखेर थकबाकीचं पत्रक ई-मेल करा आणि त्यावर दोन ओळींचं उत्तर मागा.